उपाशी तुकडा

१४ मे

प्रिय भिंगरी,

तुझ्या पत्राचं उत्तर फार उशिरा लिहितोय, रागावू नकोस. पत्र मिळालं त्याच आठवड्यात लिहायला बसलो होतो. 'इकडे सर्व ठीक' असं लिहिलं आणि पुढे हातच चालेना, कारण इकडे सर्व ठीक नाही. खोटं लिहायचं तर ते नीट रचता यायला हवं, आणि माझी शाळा पाचवीत सुटली. फोन करा असं तू म्हणतेस. फोनवर मला तुझं 'मामा' एवढं ऐकू येतं, पुढे सगळी शिट्टी वाजते. तेव्हा पत्रच बरं.

गोष्ट अशी आहे. मागच्या मळणीनंतर शेतकी खात्याची माणसं पाटाकाठच्या सगळ्या शेतांतून मूठ-मूठ भात घेऊन गेली होती. वरच्या अंगाला नळांना आणि बिजागऱ्यांना मुलामा देणारा कारखाना होता, तो तुला आठवत असेल. तो बंद पडून कैक वर्षं झाली, पण चालू होता तेव्हा त्याचं पाणी आमच्या पाटात यायचं. आता खात्याचा कागद आला आहे. आमच्या रांगेतल्या तांदळात जड धातू फार आहे, कॅडमियम नावाचा. हा तांदूळ खाऊ नका, विकू नका. या हंगामाचं पीक पुन्हा तपासणार, आणि तेही तसंच निघालं तर या रांगेत भात लावायला कायमची बंदी. मग गवत लावा नाहीतर लाकडाची झाडं लावा.

जड म्हणतात म्हणून मी आपल्या तांदळाचा एक डबा आणि दुकानातल्या तांदळाचा तोच डबा वाण्याच्या काट्यावर तोलून पाहिला. दुकानातला जड भरला. मला इतका आनंद झाला की तसाच खात्याच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून माझं ऐकून घेता घेता टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला, तो बराच वेळ वर आला नाही. मग शिंप्याकडून सुया उचलायचा लोहचुंबक आणला आणि ताटभर तांदळावरून फिरवला. एक टाचणी लागली. ती शिंप्याचीच होती.

हे धातू हाडांत आणि मूत्रपिंडांत बसतात असं कुणी म्हणालं, तेव्हापासून माझे गुडघे वाजायला लागले आहेत. मामीला सांगितलं तर म्हणते, ते आपल्या लग्नातही वाजत होते, बँड उगाच बोलावला.

ती हसते, पण रोज पाटाकडे बघत बसते. घरात दुकानातला तांदूळ आणलाय. शिजतो, पण घर ओळखत नाही.

भिंगरे, मला भात सोडून काही येत नाही. गवत आपलं आपण येतं, त्याला माझी काय गरज? तू मातीच्या प्रयोगशाळेत आहेस. काही उपाय असला तर सांग, नसला तर तेही सांग, पण जरा हळूहळू सांग.

तुझा मामा

२२ मे

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि टाचणीपाशी आले तेव्हा मला ठसकाच लागला. जड धातू हे त्यांचं जातीचं नाव समजा. तांदळात तो इतका कमी असतो की वाण्याचा काटाच काय, सोनाराचा काटाही हलणार नाही. आणि तो चुंबकाला चिकटत नाही.

खात्याचा अहवाल मी मागवून पाहिला. आकड्यांचे दशांश सोडून द्या. मर्यादा चार आहे आणि तुमचा आकडा नऊ. रांगेतल्या सगळ्यांचे आठ-नऊच आहेत. म्हणजे नऊचे चार करायचे, एवढंच काम आहे. गुडघे मात्र डॉक्टरला दाखवा, आणि मामीलाही तपासून घ्या. मी चिठ्ठी सोबत ठेवली आहे.

आता उपाय. त्याला बायोचार म्हणतात. भातगिरणीत जे तूस निघतं ते पिंपात घालायचं आणि फार कमी हवेत जाळायचं, म्हणजे त्याची राख न होता कोळसा होतो. हा कोळसा चिखलणीच्या वेळी वरच्या वीतभर मातीत मिसळायचा. धातू मातीतून जात नाही, पण कोळसा त्याला धरून ठेवतो आणि मुळांपर्यंत पोचू देत नाही. आमच्या साहेबांनी तुमचं शेत प्रयोगासाठी घ्यायला परवानगी दिली आहे. हा माझा स्वतःचा पहिला प्रयोग आहे, तेव्हा जपून.

लांबीला सारखे दोन तुकडे पाडा आणि मध्ये बांध घाला. पहिल्या तुकड्यात वीस पोती कोळसा. दुसऱ्यात काही नाही. त्याला आम्ही कोरा तुकडा म्हणतो. दोन्ही तुकड्यांतला तांदूळ वेगवेगळा तपासला की कोळशाने काय केलं ते कळतं. लोंब्या आल्यापासून कापणीच्या आठवडाभर आधीपर्यंत दोन्हीकडे पाणी उभं ठेवा. पाण्यानेही धातू थोडा कमी चढतो.

भिंगरी

९ जून

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती चुलीपाशी होती, पातेलं उतरवत होती. मी म्हणालो, भिंगरीने आपल्याला बायोचार करायला सांगितलंय. तिने ऐकलं 'बायको चार'. पातेलं तसंच ठेवून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "एकीचा चष्मा कुठे असतो ते ठाऊक नसतं, निघाले चार करायला." समजूत घालायला अर्धा दिवस गेला. अजून त्या पिंपाला ती 'सवत' म्हणते.

सवतीने पहिल्याच दिवशी मान खाली घालायला लावली. मी जुनं तेलाचं पिंप आणलं, गिरणीवाल्याकडून तूस आणलं, पेटवलं, आणि छान पेटलंय म्हणून बघत उभा राहिलो. झाकण घालायचं विसरलो असं नाही, मला वाटलं बिचाऱ्याला गुदमरायला होईल. सकाळी पिंपात पांढरी राख, तीही तळाशी दोन ओंजळी.

शेजारच्या शेताचा मालक गवंडी हे सगळं बांधावर बसून बघत होता. तोच, ज्याने बांध घालताना माझ्या बाजूला हातभर सरकवला आणि ओळंबा दाखवून मलाच खोटं पाडलं. त्याने विचारलं, हे काय चाललंय. मी सांगितलं, कोळसा करून शेतात घालणार. तर म्हणतो, "एवढ्या वर्षांत तुझ्या शेताला कुणी नावं ठेवली नाहीत, आता तूच त्याच्या तोंडाला काळं फास." त्यालाही देऊ केला होता कोळसा. नको म्हणाला. त्याच्या शेतात पाणी माझ्याच शेतातून उतरतं, तेवढं मात्र त्याला चालतं.

आता माझी खरी अडचण. पहिला तुकडा पाडला, दुसरा पाडला, बांधही घातला. पण दुसऱ्याला काहीच द्यायचं नाही, हे माझ्या गळी उतरत नाही. एकच शेत, एकच माती, दोघांनाही तोच आजार. एकाला औषध आणि दुसऱ्याने बघत बसायचं? मी त्याला उपाशी तुकडा म्हणतो. तू लहान असताना तुम्ही पाच भावंडं सुट्टीत यायचात, तेव्हा मामीने कधी पंक्तिप्रपंच केला का? एकाला लाडू आणि दुसऱ्याला कोरं ताट, असं झालं असतं तर तू रडून घर डोक्यावर घेतलं असतंस. त्या तुकड्याला रडता येत नाही एवढंच.

काही पळवाट असेल तर कळव. डॉक्टरने आम्हा दोघांचं रक्त आणि लघवी तपासली. घाबरण्यासारखं नाही म्हणाला, पण तो तांदूळ बंद. गुडघ्यांना त्याने वय हे नाव दिलं.

मामा

१५ जून

मामा,

आधी मामीला सांगा, मी तिच्या बाजूने आहे.

पांढरं झालं की गेलं. तूस वरपासून काळं दिसलं की लगेच पाणी मारा आणि उपसून वाळत घाला. झाकण लावा, तूस गुदमरलंच पाहिजे, तेच तर काम आहे. चाळीसेक पिंपं करावी लागतील, दमाने करा.

कोरा तुकडा उपाशी नाही हो मामा, तो साक्षीदार आहे. तो नसला तर पहिल्याचं कुणी ऐकून घेणार नाही. साहेब विचारतील, कशावरून कोळशाने झालं? मी काय दाखवू?

लावणीच्या आधी कोळसा पसराल तेव्हा एक लक्षात ठेवा. सगळीकडे सारखं पसरा. कुठे जास्त, कुठे कमी, असं अजिबात नको, नाहीतर आकड्यांना अर्थ राहणार नाही.

आता घाईत आहे. तुमच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या लाडवांचा हिशेब नंतर करू, कारण मला आठवतंय, मोठ्याला दोन मिळाले होते.

भिंगरी

८ जुलै

प्रिय भिंगरी,

काम झालं. वीस पोती कोळसा झाला, वाळला, पसरला, चिखलात मुरला आणि वर लावणीही झाली. मी इतका काळा झालो होतो की वाण्याच्या कुत्र्याने मला ओळखलं नाही.

तुझ्या पत्राचा शेवट वाचून फार बरं वाटलं. वर तू साक्षीदार वगैरे लिहिलंस तेव्हा मी खट्टू झालो होतो, पण खाली तुझं मन वळलं. शेवटी तू मामीच्याच हाताखाली वाढलीस. तू लिहिलंस तसंच केलं, सगळीकडे सारखं. कुणाच्या ताटात जास्त नाही, कुणाच्या कमी नाही. मामीने स्वतः पोती मोजून दिली. गवंडी बांधावरून म्हणाला, शेत आहे की तव्याचं बूड. मी उत्तर दिलं नाही, कारण ते मला घरी आल्यावर सुचलं.

रोपं हिरवीगार आहेत. मला पहाटे जाग येते आणि वाटतं, ती पिवळी पडली असतील. जाऊन बघतो तर हिरवी.

मामा

१६ जुलै

मामा,

सारखं पसरलंत हे उत्तम केलंत. निम्म्या प्रयोगांत लोक तिथेच चुकतात, इकडे ढीग तिकडे टक्कल. तुमच्यावर विश्वास ठेवला ते बरं झालं, असं मी साहेबांना म्हणाले. आता पाणी सांभाळा आणि पहाटे झोपा.

भिंगरी

५ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

कापणी झाली. दोन तुकड्यांचे दोन नमुने दोन पिशव्यांत घालून पाठवत आहे. पहिलीला लाल दोरा आहे, दुसरीला पांढरा. पाणी तू सांगितलंस तसं उभं ठेवलं होतं, त्यामुळे गवंड्याच्या शेतातही उभं राहिलं आणि कापताना त्याचे बूट चिखलात रुतले. मला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही.

भात दिसायला सुंदर आहे. मामी पोत्यात हात घालून बसते. खाता येणार की नाही ते तू कळवशील. खात्याचा माणूस महिनाअखेरीला येऊन गेला की ते ठरवणार आहेत. मला जेवण जात नाही. मामी म्हणते, दुकानातला तांदूळ वाचतोय.

मामा

२० नोव्हेंबर

मामा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. तुम्ही हळूहळू सांग म्हणाला होता, पण हळू सांगण्यासारखं यात काही नाही.

लाल दोऱ्याचा तांदूळ सहा. पांढऱ्या दोऱ्याचाही सहा. मी दोनदा तपासले, मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडून तपासून घेतले. सहा आणि सहा.

नऊवरून सहावर आलं ही चांगली गोष्ट आहे, पण मर्यादा चार आहे, म्हणजे खाता येणार नाही. आणि दोन्ही तुकडे सारखेच उतरले म्हणजे कोळशाने काही केलं नाही, जे झालं ते उभ्या पाण्याने झालं. साहेब तसंच म्हणाले. ते खात्याला लिहिणार आहेत की इथल्या मातीत कोळसा निरुपयोगी आहे. त्याचा अर्थ तुम्हाला कळतोच. रांग बंद.

तुमचे चाळीस पिंपांचे कष्ट मी फुकट घालवले. कोळसा नीट जळला नव्हता की मात्रा कमी पडली, मला समजत नाही. मामीला तुम्हीच सांगा. माझ्याने होणार नाही.

भिंगरी

२७ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

पत्र वाचलं. मामीला सांगितलं. ती म्हणाली, पोरगी जेवली का ते विचारा. तर जेवलीस का ते कळव.

हे बघ, तू स्वतःला दोष देऊ नकोस. मी घाबरट माणूस आहे, मांजर आडवं न जाताही मी परत फिरतो, पण या वेळी मला तुझ्यापेक्षा कमी भीती वाटते आहे. का ते सांगतो. बंदी आली तर मी गवत लावीन आणि त्याच्याकडे बघत बसेन. पण तू म्हणतेस कोळशाने काही केलं नाही, हे मला पटत नाही. दोन्ही तुकडे सारखे उतरले यात नवल काय? दोघांना सारखंच दिलं होतं. दहा पोती याला, दहा पोती त्याला. एकाचा आकडा कमी आणि दुसऱ्याचा जास्त आला असता, तर मी म्हटलं असतं मामीने मोजताना चूक केली. सहा आणि सहा हे तर आमच्या वाढण्याचं प्रमाणपत्र आहे.

तुझ्या साहेबांना सांग, तुमच्या मनात पंक्तिप्रपंच आहे म्हणून तुम्हाला फरक हवा आहे. नको, असं सांगू नकोस. तुझी नोकरी आहे.

खात्याचा माणूस परवा येऊन गेला. कागद पुढच्या महिन्याच्या शेवटी निघेल म्हणाला. त्याच्या बुटांना चिखल लागला, तो मी धुऊन दिला, काय सांगावं, उपयोग होईल.

तुझा मामा

३ डिसेंबर

मामा!

दहा आणि दहा!

मी हे पत्र प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून लिहिते आहे, कारण आत मी मोठ्याने हसले आणि नंतर रडले, आणि लोक बघायला लागले. सगळीकडे सारखं म्हणजे पहिल्या तुकड्यात सगळीकडे, मामा. दोन्ही तुकड्यांत नव्हे. पण माझंही चुकलं. मी मराठीच तशी लिहिली, आणि नंतर तुमचं 'कुणाच्या ताटात कमी नाही' वाचूनही मला कळलं नाही. मी तुमची भाची असून तुम्हाला ओळखलं नाही.

आता नीट ऐका. दोन्ही तुकड्यांना अर्धीच मात्रा मिळाली. अर्ध्या मात्रेत नऊचे सहा झाले असतील, तर पूर्ण मात्रेत चारच्या खाली जायची आशा आहे. पण साहेब म्हणतात, तुमच्या मामांच्या सांगण्यावर अहवाल बदलता येत नाही, सहा हे पाण्यामुळेच नाही कशावरून? मला असा तांदूळ हवा जो त्याच मातीत, त्याच उभ्या पाण्यात वाढला आणि ज्याला कोळशाचा कणही मिळाला नाही.

मामा, असा तांदूळ एकाच माणसाकडे आहे. त्याचे बूट रुतले होते. ओंजळभर पुरे, पण कागद निघायच्या आत हवा.

जेवले, मामीला सांगा.

भिंगरी

१२ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

वेगळ्या पाकिटातून निळ्या दोऱ्याची पिशवी पाठवली आहे. तिच्यासाठी मला काय काय गिळावं लागलं ते ऐक.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी गवंड्याच्या घरावरून नुसता ये-जा करत होतो. तिसऱ्या दिवशी त्यानेच हाक मारली आणि विचारलं, माझ्या भिंतीचा ओळंबा बघतोस का. आत गेलो. त्याचं घर मी पहिल्यांदाच आतून पाहिलं. भिंती सरळ आहेत, हे खोटं बोलता येणार नाही. माझ्या पाचवीपर्यंतच्या शिक्षणाने त्याला समजावलं की तुझा मूठभर तांदूळ तपासायला पाठवायचाय.

तो धूर्त आहे. लगेच म्हणाला, "म्हणजे माझा खराब निघाला, तरच तुझा चांगला ठरणार."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण मग सांगितलं, तुझा चांगला, म्हणजे सहा निघाला तर तुझ्या एकट्याचं भलं होणार नाही, दोघांची शेतं बंद होणार, कारण सहाही चालत नाहीत. तुझा नऊ निघाला तर कोळसा खरा ठरेल आणि दोघांनाही पुढचा हंगाम मिळेल. त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, आयुष्यभर तू माझ्या वाइटावर टपलेला, आणि आता मीही माझ्या वाइटाची वाट बघू? मी म्हणालो, बघूया दोघं मिळून.

तो उठला, कोठीतून तांदूळ काढला. पिशवी बांधताना माझ्याकडे न बघता बोलला. "बंदी आली तर मी काय करणार, ते तू विचारलं नाहीस कधी." मी म्हणालो, तुला बांधकाम येतं. तर म्हणाला, "हात थरथरतात आता. वीट सरळ बसत नाही. भाताला ते चालतं."

भिंगरे, मी इतकी वर्षं त्या बांधाच्या हातभर जागेकडे बघत होतो, त्याच्या हातांकडे कधी बघितलं नाही. त्याच्या बायकोने पाणी दिलं. निघताना त्याने सांगितलं, नऊ नाही आला तर याद राख. मी म्हटलं, तुझ्यासारख्याचा दहा येईल.

मामीने डोळे मिटून त्या पिशवीवर हात ठेवला. एवढ्या वाईट आकड्यासाठी कुणी प्रार्थना केली नसेल.

मामा

४ जानेवारी

मामा, मामी,

नऊ! निळ्या दोऱ्याचा तांदूळ नऊ. पाणी तेच, माती तीच, वाफाही तसाच, आणि आकडा जुनाच. शिवाय खात्याच्या माणसाने तुमच्या दोन्ही तुकड्यांतून नेलेली माती आम्ही भिंगाखाली पाहिली, दोन्हींत कोळसा आहे. साहेबांनी तुमची सगळी पत्रं मागून घेऊन वाचली. सांगू का, ते त्या टाचणीवर थांबले आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले.

अहवाल बदलला. खात्याने रांगेला आणखी एक हंगाम दिला आहे. सगळ्या शेतांत पूर्ण मात्रा घालायची, सगळ्यांनी मिळून कोळसा करायचा, पिंपं खातं देणार. या वर्षीचा तांदूळ तुम्ही खाऊ नका, तो खातं घेऊन जाईल. गवंडीकाकांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, वाईट निघाल्याबद्दल आभारी आहे.

एकच अट. कोरा तुकडा या वेळी खराखुरा कोरा हवा. साहेब म्हणाले, आणि मी त्यांचेच शब्द लिहिते, 'तो तुझ्या मामांच्या हाती ठेवू नको.' तेव्हा गवंडीकाकांच्या शेतात ठेवू या का?

भिंगरी

१९ जुलै

प्रिय भिंगरी,

साहेबांच्या बोलण्याचा मला राग आला होता. मामी म्हणाली, राग आला तर खरं असेल, म्हणून तो गेला.

लावणी झाली. अख्ख्या रांगेत झाली. पाटाच्या तोंडापासून खालपर्यंत सगळे काळे, माणसंही आणि शेतंही, कुणी कुणाला नावं ठेवू शकत नाही. सात पिंपं रोज धुमसत होती. मामी आता त्यांना सवती म्हणते, आणि बाकीच्या बायकांना झाकण कधी लावायचं ते तीच शिकवते.

कोऱ्या तुकड्याचं मी तुला उन्हाळ्यातच कळवायला हवं होतं. गवंड्याला तुझा निरोप सांगितला. त्याने विचारलं, म्हणजे तुम्ही सगळे जेवणार आणि माझं शेत उपाशी? तेच माझं बोलणं, माझ्याच तोंडावर. घरी आलो, मामीशी बोललो, आणि ठरवलं की कोरा तुकडा आपल्याच शेतात राहील, वरच्या अंगाला, जिथे पाटाचं पाणी पहिल्यांदा शिरतं आणि जिथे घाण सगळ्यांत जास्त बसली आहे. दुसऱ्याचं ताट रिकामं ठेवण्यापेक्षा आपलं ठेवलेलं बरं. त्यात या वेळी मी चिमूटभरही घातलेलं नाही, शपथ घेऊन सांगतो. हात शिवशिवतात, तेव्हा खिशात घालतो.

साहेबांची खात्री पटावी म्हणून त्या तुकड्यावर राखण ठेवली आहे. राखणीला गवंडी आहे. मला पकडण्यात ज्याला इतका आनंद होतो असा दुसरा माणूस शोधून सापडला नसता. त्याने चारी बाजूंनी दोरी ओढली आहे, खुर्ची आणली आहे, आणि मी त्या बाजूला वळलो की तो खोकतो. हातांची थरथर डॉक्टरला दाखवली का विचारलं, तर म्हणाला, आधी दोरी सोड. सोडली. मग म्हणाला, दाखवली. गोळी चालू आहे.

रोपं सगळीकडे सारखीच हिरवी आहेत, कोऱ्यातही. त्यांच्याकडे बघून काही कळत नाही. मी रोज सकाळी दोरीच्या बाहेर उभा राहतो आणि नुसता बघतो. एवढं कठीण काम मी आजवर केलेलं नाही.

आता तातडीचं. काल एक बेडूक खालच्या तुकड्यातून उडी मारून कोऱ्या तुकड्यात गेला. त्याच्या मागच्या पायांना काळं लागलेलं होतं, ते आम्ही दोघांनीही पाहिलं. गवंडी म्हणतो, प्रयोग बिघडला, बेडूक तुझाच माणूस आहे. मी म्हणतो, बेडूक धरू नये. आमचं काल दुपारपासून बोलणं बंद आहे आणि त्याने मला बांधावर यायची मनाई केली आहे. बेडूक मोजायचा की नाही ते तू साहेबांना विचार, आणि उत्तर लवकर पाठव, अगदी दोन ओळींचं चालेल, पण लवकर पाठव.

तुझा मामा